लपणाऱ्या हेडलाइटची मोटर काढताना: बडोद्यातल्या जुन्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटण दाबलं की बॉनेटमधून वर येणारे हेडलाइट ही या गाड्यांची शान. बडोद्यात अशा गाड्या मोजक्याच आहेत, पण जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात २१ गन सॅल्यूट हा जुन्या गाड्यांचा सोहळा झाला आणि त्यानंतर जुन्या गाड्यांबद्दल मराठी घरांतूनही बरीच विचारपूस होऊ लागली. दांडिया बाजार, कारेलीबाग, मांजलपूर इथल्या लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्यांत आधी एक सांगणं: मोटर काढण्याआधी ती खरंच बंद पडली आहे का, ते तपासा. चांगली मोटर उगाच खोलल्याने तिचं जितकं नुकसान होतं, तितकं वयाने होत नाही.

ही माहिती कोणत्या गाड्यांना लागू पडते?

जिथे इलेक्ट्रिक मोटर एका आर्मने लाइट वर-खाली करते, अशा गाड्यांना. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, म्हणजे मियाटा (१९८९ ते १९९७), माझदा आरएक्स-७, ट्रायम्फ टीआर७, फियाट एक्स१/९, पोर्शे ९२४ आणि ९४४ या त्यातल्या ओळखीच्या. बोल्ट आणि वायरिंग प्रत्येकीचं वेगळं असतं, त्यामुळे आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल समोर हवंच. काम करण्याची रीत मात्र एकच आहे.

सगळ्याच लपणाऱ्या लाइटना मोटर नसते, हेही लक्षात असू द्या. १९३६च्या कॉर्ड ८१० मध्ये चालकाला हाताने दांडा फिरवावा लागे. साठच्या दशकातली लोटस एलान आणि १९६८ ते १९८२ची कॉर्व्हेट इंजिनच्या व्हॅक्यूमवर लाइट हलवतात. तिथे मोटर शोधत बसू नका, रबराच्या नळ्या आणि डायाफ्राम तपासा. ओपेल जीटीमध्ये तर चालकाजवळचा लिव्हर ओढावा लागतो.

पोर्शे ९४४ मध्ये मला एकच मोटर दिसते. दुसरी कुठे आहे?

दुसरी नाहीच. एक मोटर दांड्यांच्या जोडणीतून दोन्ही लाइट उचलते. त्यामुळे ९४४ मध्ये एक लाइट वर आणि एक खाली असेल तर मोटरला हात लावू नका, दोष जोडणीत आहे. एमएक्स-५ आणि टीआर७ मध्ये प्रत्येक बाजूला स्वतंत्र मोटर असते.

मोटर आतून चालते कशी?

हे समजून घेतलं तर पुढची निम्मी कटकट टळते. आत एक छोटी डीसी मोटर असते: आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरणारा भाग, त्याला प्रवाह देणारे दोन कार्बन (ब्रश) आणि बाहेरच्या डब्याला आतून चिकटवलेले मॅग्नेट. आर्मेचरच्या शाफ्टवर वर्म, म्हणजे पिळाचा गिअर असतो आणि तो एक मोठा गिअर फिरवतो. हा मोठा गिअर बहुतेक वेळा प्लास्टिकचा असतो. त्याच्या शाफ्टवर बाहेरून आर्म बसतो आणि आर्मपासून लिंक रॉड लाइटच्या चौकटीकडे जातो. एमएक्स-५सारख्या रचनेत मोटर एकाच दिशेने फिरते. आर्मने अर्धा फेरा मारला की लाइट वर, पुढचा अर्धा फेरा झाला की खाली.

दोन्ही टोकांना आर्म आणि रॉड जवळजवळ एका रेषेत येतात, म्हणून वाऱ्याच्या दाबाने किंवा खड्ड्यातल्या धक्क्याने लाइट आपोआप मिटत नाही. शिवाय वर्म गिअर उलट्या बाजूने फिरत नाही. लाइट हाताने दाबून बंद करायला गेलात तर सगळा जोर प्लास्टिकच्या दातांवर येतो आणि दात मोडतात. गाडी धुणारा मुलगा, हौशी पाहुणा, घरातली लहान मुलं, सगळ्यांना हे एकदा सांगून ठेवा.

थांबायचं कुठे हे आतली तांब्याची चकती ठरवते. तिच्यावरून पत्तीचे कॉन्टॅक्ट घासत जातात आणि ठरलेल्या जागी चकतीत खाच आली की मोटरचा प्रवाह तुटतो.

एक लाइट उघडतो, दुसरा नाही. मोटर गेली ना?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे कुणी पाहिलं की लगेच "मोटर गई" म्हणतं आणि पाने काढतं. आधी बटण दाबून कान द्या.

काहीच आवाज नसेल तर मोटरचा कनेक्टर काढून पिना पाहा. हिरवट किंवा पांढरी बुरशी असेल तर दोष बहुधा तिथेच आहे. मग मल्टिमीटरने बटण दाबलेलं असताना व्होल्टेज मोजा. मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो म्हणून निश्चिंत होऊ नका. एका धाग्यावर टिकलेली वायरही मल्टिमीटरला १२ दाखवते आणि मोटरचा भार आला की कोसळते. त्याच जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून पाहा. तो पूर्ण तेजाने पेटला तर सप्लाय ठीक आहे.

त्यानंतर अर्थिंग. या वयाच्या गाड्यांत बॉडीला लावलेल्या अर्थच्या बोल्टखाली गंज धरतो. बोल्ट काढा, पत्रा चकचकीत घासा, परत कसा आणि वरून थोडी व्हॅसलिन लावा. कित्येक "मेलेल्या" मोटरी इथेच जिवंत होतात. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा. महिनोन् महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीत हे हमखास घडतं.

मोटरचा घूं घूं आवाज येतो पण लाइट हलत नाही, असं असेल तर गिअरचे दात गेलेत, आर्मचा नट ढिला झालाय किंवा रॉड निसटलाय. १९८४ नंतरच्या काही कॉर्व्हेटमध्ये मात्र गिअरच्या आतले छोटे बुश चुरा होऊन हेच लक्षण दिसतं. तिथे मोटर खोलून बुश बदलले की काम होतं.

लाइट दमल्यासारखा हळूहळू येत असेल तर बिजागऱ्या सुकल्या आहेत किंवा व्होल्टेज पडतंय. आधी लिंक रॉड सोडवून चौकट हाताने हलवून बघा. ती जड जात असेल तर मोटर बिचारी निर्दोष आहे.

दोन्ही लाइट एकदम बंद पडले तर?

दोन मोटरींची गाडी असेल तर फ्यूज, रिले, बटण. दोन मोटरी एकाच दिवशी मरत नाहीत.

लाइट वर-खाली, वर-खाली करत राहतो, थांबतच नाही.

मघाशी सांगितलेली तांब्याची चकती किंवा तिच्यावरचे कॉन्टॅक्ट मळलेत किंवा झिजलेत. खाच आल्याचं मोटरला कळत नाही आणि ती फिरत राहते. तिला तसंच फिरू देऊ नका, फ्यूज काढा. हा मात्र मोटर काढून उघडण्यासारखा खरा दोष आहे.

रात्री हालोलच्या रस्त्यावर लाइट उघडले नाहीत. तिथल्या तिथे काय करू?

बहुतेक अशा मोटरींच्या मागच्या टोकाला रबराच्या टोपीखाली हाताने फिरवायची कळ असते. पण आधी त्या मोटरीचा फ्यूज काढा. एमएक्स-५ मध्ये तो बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये आहे आणि त्यावर रिट्रॅक्टर असं लिहिलेलं असतं. फ्यूज न काढता कळ फिरवली तर चकती खाचेतून सरकते, प्रवाह जोडला जातो आणि तुमची बोटं तिथे असतानाच मोटर धावू लागते. बोट चेंगरण्याचे प्रकार असेच होतात.

कळ थेट आर्मेचरला जोडलेली असते, त्यामुळे पुष्कळ फेरे मारावे लागतात. लाइट पूर्ण वर आला की थांबा आणि घरी पोहोचेपर्यंत फ्यूज काढलेलाच ठेवा.

कोणती हत्यारं लागतील?

जपानी गाडीला आठ, दहा आणि बाराची गोटी (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने, रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, जाम नटासाठी भेदक तेल, टोकदार सुई किंवा पांढरा रंग खुणेसाठी आणि लाकडाचा एक ठोकळा. टीआर७सारख्या ब्रिटिश गाडीला इंची पाने लागतील. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो म्हणून लावू नका, नटाची कड जाते. मोबाइलने फोटो काढत जा.

बॅटरीची वायर काढायलाच हवी का? फ्यूज तर काढला आहे.

हो, निगेटिव्ह काढाच. एमएक्स-५ची बॅटरी डिकीत असते, पुढे शोधू नका.

आता प्रत्यक्ष मोटर कशी काढायची?

लाइट वर असताना काढणं सगळ्यांत सोपं. मोटर चालू असेल तर बटणाने वर घ्या, नसेल तर फ्यूज काढून कळीने. एमएक्स-५ला दिवे न पेटवता फक्त वर उचलायचं वेगळं बटण आहे, ते इथे कामाला येतं. बटणाने वर घेत असाल तर लाइट वर आल्यावरच फ्यूज आणि बॅटरीची निगेटिव्ह काढायची, हा क्रम उलटा करू नका. चौकटीखाली लाकडी ठोकळा अडकवा. रॉड सुटल्यावर चौकट धप्पकन खाली येते आणि खाली तुमचं मनगट असतं.

दिव्याभोवतीची प्लास्टिकची चौकट काढली की हात जायला जागा होते. तिचे स्क्रू जुने असतात आणि प्लास्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा घाई नको. मग कनेक्टर सोडवा. वायरला धरून ओढू नका, कनेक्टरचं कुलूप दाबून काढा.

पुढची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. आर्म शाफ्टवर ज्या कोनात बसला आहे त्याची खूण करा: शाफ्टच्या टोकावरून आर्मवर जाईल अशी एकच सरळ रेघ. सुईने ओरखडा काढा, कारण रंग तेलाने पुसला जातो. ही खूण राहिली तर परत बसवणं दहा मिनिटांचं काम आहे, गेली तर संध्याकाळ जाते.

आता रॉडचा बॉल जॉइंट आर्मपासून सोडवा. रॉडला लांबी कमी-जास्त करायचे आटे असतील तर त्यांना अजिबात हात लावू नका. ती लांबी म्हणजे तुमच्या लाइटची उंची. मग ब्रॅकेटचे बोल्ट सोडवा. बहुतेक गाड्यांत तीन-चार असतात आणि एक तरी असा असतो की तो दिसत नाही, बोटाने चाचपून गोटी बसवावी लागते. शेवटच्या बोल्टला मोटर खालून हाताने धरा. अंगाच्या मानाने ती चांगलीच जड असते.

काही गाड्यांत आर्म मोटरवर असताना ती बाहेर येत नाही. तिथे आर्म आधी उतरवावा लागतो.

आर्मचा नट सुटत नाही.

भेदक तेल लावून रात्रभर ठेवा. सोडवताना दुसऱ्या पान्याने किंवा पकडीने आर्म घट्ट धरून ठेवा आणि मग नट फिरवा. आर्म न धरता जोर लावलात तर तो जोर शाफ्टमधून गिअरच्या दातांवर जातो आणि नट सुटण्याआधी गिअर मोडतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो कारण दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मोटरी याच कारणाने येतात. हातोडा नको. आतले मॅग्नेट फेराइटचे, काचेइतके ठिसूळ असतात. एका ठोक्याने तडा जातो आणि तुकडा आर्मेचरमध्ये अडकतो. गॅसची ज्योतही नको, आत प्लास्टिक आहे.

बॉल जॉइंट निघताना तुटेल अशी भीती वाटते.

भीती योग्य आहे, प्लास्टिकची वाटी पंचवीस-तीस वर्षांची आहे. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं दोन मिनिटं गुंडाळून ठेवा, मग रुंद स्क्रू ड्रायव्हर बॉलच्या अगदी जवळ घालून हळू पिळा. टोकाला धरून उचकटू नका.

मोटर बाहेर आली. उघडू का?

दोष नक्की आत आहे असं ठरलं असेल तरच. डब्यावर आणि झाकणावर जुळणारी खूण करा, मग स्क्रू काढा. आर्मेचर बाहेर ओढताना मॅग्नेट त्याला खेचून धरतात, तेव्हा हात स्थिर ठेवा आणि कार्बनच्या स्प्रिंगा उडून जाणार नाहीत याची काळजी घ्या. वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा.

आत साधारण तीन गोष्टी दिसतील. ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असेल. बडोद्याच्या मे महिन्यात बंद बॉनेटखाली वर्षानुवर्षं तापल्यावर दुसरं काय होणार. ते लाकडी काडीने खरवडून काढा, धातूचे भाग रॉकेलने धुवा, प्लास्टिकचा गिअर फक्त कोरड्या कापडाने पुसा. कार्बन झिजलेले असतील. कम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, काळा पडला असेल, तर तो बारीक सँडपेपरने हलक्या हाताने साफ करा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीजवाहक असतात आणि पट्ट्यांच्या फटींत बसले की शॉर्ट होतो. फटीतली घाण सुईने काढा.

नवं ग्रीस गिअरला लिथियमचं, बेताचं. तांब्याच्या चकतीवर फक्त पातळ थर, तोही कॉन्टॅक्टसाठी मिळणाऱ्या ग्रीसचा. फवाऱ्याचं तेल मारून मोटर "चालू केली" असं कुणी सांगितलं तर समजा की आठवड्याभरात परत उघडावी लागेल.

आर्मेचर जळालं असेल तर बडोद्यात रिवायंडिंग होतं का?

होतं. स्टार्टर आणि वायपरच्या मोटरी गुंडाळणाऱ्या कारागिराला एवढं आर्मेचर अवघड नाही. त्याला आर्मेचर जसंच्या तसं द्या, जुनी तार स्वतः कापून नेऊ नका. तारेची जाडी आणि वेढे मोजूनच तो नवी गुंडाळतो. कार्बन नेमक्या मापाचे मिळाले नाहीत तर थोडे मोठे घेऊन घासून बसवता येतात, फक्त ते खोबणीत मोकळे सरकले पाहिजेत. कलाभवनाच्या, म्हणजे सयाजीरावांनी काढलेल्या तंत्रशाळेच्या, या गावात हाताला कौशल्य असलेली माणसं अजून आहेत. परदेशातून आख्खी मोटर मागवण्याआधी त्यांना विचारा.

गिअरचे दात गेलेत. मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे औद्योगिक वसाहतीतून, पितळेचा करून घेऊ का? कायमचा टिकेल.

माझं मत: नको. गिअर प्लास्टिकचा ठेवण्यात शहाणपण आहे. लाइट कुठे अडकला तर आधी स्वस्त गिअर मोडतो. पितळेचा बसवलात तर तोच जोर शाफ्टवर, आर्मवर किंवा आर्मेचरवर जातो आणि तिथलं नुकसान महाग पडतं. मकरपुऱ्यातल्या जॉब वर्क करणाऱ्यांकडून नायलॉन किंवा अ‍ॅसिटलचा कापून घ्या. नमुना म्हणून मोडका गिअर आणि वर्म दोन्ही द्या. नुसत्या मोडक्या गिअरवरून दातांचा कोन नीट मिळत नाही.

ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी गाडीत शिरलं होतं. तेव्हापासून लाइट बंद आहेत.

अजून बटण दाबून पाहत असाल तर थांबा. पुराच्या पाण्याबरोबर बारीक गाळ येतो. तो गिअरच्या ग्रीसमध्ये मिसळला की घासायची पेस्ट तयार होते. शिवाय पाणी सुकल्यावर आर्मेचर आणि डब्याच्या मधल्या बारीक फटीत गंज धरतो आणि मोटर जाम होते. अशा जाम मोटरला प्रवाह दिला की ती फिरत नाही, नुसती तापते आणि वायंडिंग जळतं. इथे मोटर काढून उघडण्याला पर्याय नाही, आणि दोन्ही बाजूंच्या उघडा, एक चालत असली तरी. गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. कनेक्टर, रिले आणि अर्थचे बोल्टही त्याच दिवशी साफ करा.

बंद करताना नवी ओ-रिंग घाला. पण मोटरला खाली पाणी निचरायचं छिद्र किंवा हवेची नळी असेल तर ती सिलिकॉनने बुजवू नका. पाणी आत जाऊ नये म्हणून बुजवतात आणि मग आतला ओलावा बाहेरच येत नाही.

बसवण्याआधी टेबलावर कशी तपासू?

वायरिंगचा नकाशा पाहून कोणती वायर कशाची ते ठरवा. या मोटरींना तीन, चार, पाच वायरी असतात आणि काही आतल्या चकतीकडे जातात. अंदाजाने कुठेही प्लस लावलात तर कॉन्टॅक्ट जळतील. बॅटरीपासून येणाऱ्या वायरमध्ये १५ अँपिअरचा फ्यूज घाला आणि मोटर शिकंज्यात अलगद धरा. आर्म लावलेला असेल तर बोटं लांब. आवाज सलग हवा. मध्येच अडखळली तर आर्मेचरचा एखादा भाग तुटलेला आहे.

परत बसवताना क्रम उलटा, एवढंच ना?

एवढंच नाही. आर्म किंवा रॉड लावण्याआधी मोटर गाडीच्या कनेक्टरला जोडा, बॅटरी लावा, बटणाने "खाली"च्या जागी जाऊन थांबू द्या. मग बॅटरी काढा आणि लाइट खाली असताना आर्म जिथे असायला हवा तिथे, मॅन्युअलमधल्या कोनाप्रमाणे बसवा. लाइट वर घेऊन मोटर काढली असेल तर तुमची खूण "वर"च्या स्थितीत जुळायला हवी. मोटर तिथे नेऊन तपासा. हे न पाहता आर्म उलटा बसवला की बटण बंद असताना लाइट उघडतात आणि चालू केल्यावर मिटतात.

रॉड जोडल्यावर पहिला फेरा कळीने, हाताने मारा, फ्यूज काढूनच. झाकण बॉनेटला कुठे घासत नाही ना, वायर चेंगरत नाही ना, ते दिसतं. रंग खरवडला गेला की मोटरच्या दुरुस्तीपेक्षा रंगाचा खर्च जास्त.

दुसऱ्या गाडीच्या वायपरची मोटर लावता येईल का?

लोक लावतात. थांबायची जागा, फेऱ्याचा वेग, आर्मची लांबी, काहीच जुळत नाही आणि मूळ ब्रॅकेट कापावं लागतं. अशा गाडीचं मूळ ब्रॅकेट पुन्हा मिळणं मोटरपेक्षा कठीण आहे. कापू नका.

लाइट कायमचे वर ठेवले तर?

भाग येईपर्यंत ठेवा, चालेल. फ्यूज काढून. वर्षभर ठेवलेत तर बिजागऱ्या आणि ग्रीस त्याच स्थितीत आखडतात. गाडी उभी असली तरी आठवड्यातून एकदा लाइट वर-खाली करत जा.

एवढं खोललंच आहे तर जास्त वॅटचे बल्ब टाकू का?

नको. एमएक्स-५ आणि ९४४ ला ७ इंची गोल दिवा असतो, तोच आकार जुन्या जीपला आणि बुलेटला. त्यामुळे एच४चं ६०/५५ वॅटचं युनिट सहज मिळतं. ९०/१०० वॅटचे बल्ब जुन्या वायरी आणि बटण वितळवतात. गाडी अमेरिकेतून किंवा युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेली असेल तर काच बदलाच. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि तिथला डिप बीम आपल्याकडे समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मोटर बसवल्यावर लाइटचा झोत बिघडलेला वाटतो.

रॉडची लांबी बदलली असेल किंवा वरचा रबरी स्टॉप झिजला असेल. लाइट वर असताना चौकट स्टॉपवर घट्ट टेकली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात झोत थरथरतो. ते ठीक असेल तर सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा, चाकांत हवा योग्य हवी आणि चालकाच्या जागी कुणाला तरी बसवा. डिप बीमची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ ते ७ सेंमी खाली यायला हवी. ती दिव्याच्या स्क्रूने जुळवायची, लिंक रॉडने नाही.

काढलेली बंद मोटर भंगारात देऊ का?

अजिबात नको. डबा, मॅग्नेट, चकती, झाकण, रबराची टोपी, यातलं काहीही पुढे लागू शकतं. कोणत्या बाजूची आहे ते लिहून, पिशवीत बांधून, कोरड्या जागी ठेवा. डावी-उजवी बाहेरून सारखी दिसते, म्हणून भाग क्रमांकही चिठ्ठीवर लिहा.